नमुना अग्निबाण : संचातील बदल आणि तोल

दिवाळीतील बाण प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. बाटलीत उभा केलेला बाण वात पेटताच सुंकार करीत आकाशात जातो आणि क्षणार्धात फुटून विझतो. त्या बाणास एक लांब काडी बांधलेली असते. ती कशासाठी, हा प्रश्न मात्र थोडीच मुले विचारतात. काही मुले ती निरुपयोगी समजून मोडून टाकतात आणि मग तोच बाण सरळ वर न जाता वेडावाकडा धावतो. कधी माणसांच्या अंगावर, तर कधी कडब्याच्या गंजीवर जाऊन पडतो. काडी मोडल्याने दारू बदलली नाही, वात बदलली नाही. बदलला तो फक्त तोल. या एका गोष्टीत अग्निबाणाच्या शास्त्राचा मोठा भाग सामावलेला आहे. अमेरिकेत मुले व प्रौढ ज्या छंदातून हे शास्त्र शिकत आली, त्या नमुना अग्निबाणांची माहिती शिक्षकांस उपयुक्त वाटेल.

छंदाचा उगम

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरता केला. त्या घटनेने अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या मनात अग्निबाणांचे विलक्षण वेड उत्पन्न झाले. लोखंडी नळ्यांत हाती लागेल ते ज्वालाग्राही मिश्रण ठासून मुले घरच्या घरी अग्निबाण करू लागली. धातूची नळी फुटली म्हणजे तिचे तुकडे बंदुकीच्या गोळीप्रमाणे उडतात. अशा प्रयोगांत कित्येकांची बोटे तुटली, डोळे गेले आणि काहींस प्राणासही मुकावे लागले. जिज्ञासा खरी होती, परंतु तिला सुरक्षित वाट नव्हती.

ती वाट काढण्याची तयारी त्याआधीच झालेली होती. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ओरव्हिल कार्लाइल नावाचे एक बुटांचे दुकानदार होते. शोभेच्या दारूकामाचा त्यांना नाद होता. त्यांचे बंधू रॉबर्ट हे नमुना विमाने बनवीत आणि अग्निबाणाच्या तत्त्वांवर व्याख्याने देत. त्या व्याख्यानांत दाखविण्यासाठी एखादा उडणारा नमुना हवा, म्हणून ओरव्हिल यांनी १९५४ साली कागदाची नळी, हलके लाकडी पंख आणि बदलता येण्याजोगे छोटे इंजिन असलेला बाण तयार केला. वर गेल्यावर त्यातून हवाई छत्री बाहेर पडे व बाण सावकाश खाली येई. तोच बाण नवे इंजिन घालून पुन्हा उडविता येत असे.

न्यू मेक्सिको राज्यातील व्हाइट सँड्स या अग्निबाण-चाचणीक्षेत्रावर जी. हॅरी स्टाइन हे अभियंते काम करीत. अग्निबाणांच्या सुरक्षिततेवरील त्यांचा एक लेख १९५७ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. तो वाचून कार्लाइल यांनी आपले नमुने त्यांच्याकडे पाठविले. मुलांच्या अपघातांवरील उपाय या नमुन्यांत आहे, हे स्टाइन यांनी ओळखले. दोघांनी मिळून नमुना अग्निबाणांचे संच विकणारी संस्था काढली. इंजिनांची मागणी वाढू लागली, तेव्हा कोलोरॅडो राज्यातील व्हर्न एस्टेस या तरुणाने ती बनविणारे यंत्र तयार केले. १९५९ साली चालू झालेले हे यंत्र सुमारे साडेपाच सेकंदांस एक इंजिन तयार करी. पुढे एस्टेस यांचा स्वतःचा कारखाना १९६१ साली त्याच राज्यातील पेनरोज या गावी गेला आणि तेथून संच व इंजिने देशभर जाऊ लागली.

या साऱ्या व्यवस्थेचे सूत्र एकच होते : दारू ठासण्याचे काम कारखान्याचे, बांधणे, मोजणे आणि उडविणे हे मुलाचे. धोक्याचा भाग मुलाच्या हातून काढून घेतला आणि विचाराचा भाग त्याच्या हाती ठेवला. या छंदाचे यश मुख्यतः या विभागणीत आहे.

संच आणि इंजिन

साध्या संचात कागदाची नळी, प्लास्टिकचे किंवा बाल्सा लाकडाचे निमुळते टोक, पातळ बाल्साचे तीन किंवा चार पंख, इंजिन घट्ट बसविण्याची बैठक, हवाई छत्री आणि टोक नळीशी बांधून ठेवणारी रबरी दोरी एवढेच भाग असतात. नळीच्या बाहेरील बाजूस एक छोटी पोकळ नळी चिकटवितात. ती जमिनीत उभ्या केलेल्या सळईवर ओवली म्हणजे उड्डाणाच्या पहिल्या क्षणी बाणास दिशा मिळते. धातूचा उपयोग मुख्य भागांत मुळीच करीत नाहीत. बाण कोणावर आदळलाच, तर कागद व हलके लाकूड मोडावे, माणूस मोडू नये, हा त्यामागील हेतू आहे.

इंजिन म्हणजे जाड कागदाची, हाताच्या बोटाएवढी नळी. तिच्या खालच्या तोंडास भाजल्यासारख्या कठीण मातीचे छिद्र असते. त्यावर मुख्य इंधन, त्यावर मंद जळणारा थर आणि सर्वांत वर थोडी उत्क्षेपक दारू असते. मुख्य इंधन एक-दोन सेकंदांत जळून जाते व बाणास वेग देते. मंद थर जळत असताना बाण केवळ मिळालेल्या वेगाने वर चढत राहतो आणि धुराची रेघ मागे ठेवतो. शेवटी वरची दारू उडून टोक ढकलले जाते व छत्री बाहेर पडते. छत्री जळू नये म्हणून तिच्याखाली न पेटणारा कागद चुरगळून भरतात.

इंजिनावर ‘सी ६-५’ अशी खूण छापलेली असते. अक्षरावरून एकूण आवेग समजतो. ‘ए’ वर्गाची मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, ‘बी’ची ५, ‘सी’ची १० आणि ‘डी’ची २०, म्हणजे प्रत्येक अक्षरास मर्यादा दुप्पट होते. पहिला अंक सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो आणि दुसरा अंक इंधन संपल्यापासून छत्री उघडेपर्यंतची सेकंदे सांगतो. एवढी खूण वाचता आली, की मुलाच्या हाती गणिताची किल्ली येते.

बदलाचा मोह

संच सूचनेप्रमाणे जोडला आणि उडविला, म्हणजे मुलाचे समाधान फार दिवस टिकत नाही. नळी लांब केली तर काय होईल? पंखांचा आकार बदलला तर? दोन संचांचे भाग एकत्र जोडले तर? मोठे इंजिन बसविले तर? असे प्रश्न त्याच्या मनात येऊ लागतात. हे प्रश्न शुभ आहेत. कारागिराचा खरा जन्म सूचनापत्र बाजूस ठेवल्यावरच होतो. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. कारखान्याने संच विकण्यापूर्वी त्याचा तोल तपासलेला असतो. एक भाग बदलला की ती तपासणी बदललेल्या बाणास लागू राहत नाही. तेथून पुढची जबाबदारी बदल करणाऱ्याची असते.

ही जबाबदारी पार पाडण्यासाठी दोन बिंदू समजावे लागतात. पहिला गुरुत्वमध्य. इंजिन, छत्री इत्यादी सर्व सामान भरून बाण एका बोटावर आडवा ठेवला असता तो ज्या ठिकाणी समतोल राहतो, तो हा बिंदू. दुसरा दाबमध्य. बाण थोडा तिरपा झाला की वारा त्याच्या सर्वांगास बाजूने ढकलतो. त्या सर्व ढकलण्याचे एकत्रित बळ ज्या ठिकाणी लागते असे मानता येते, तो हा बिंदू होय. उडता बाण गुरुत्वमध्याभोवती वळतो. दाबमध्य त्याच्या मागे, म्हणजे पंखांच्या बाजूस असेल, तर तिरप्या झालेल्या बाणाची शेपटी वारा पुन्हा जागेवर ढकलतो व बाण सरळ होतो. दाबमध्य पुढे असेल, तर तोच वारा बाणास अधिकच तिरपा करतो. बाण कोलांट्या घेतो आणि कोणत्या दिशेस जाईल याचा नेम राहत नाही. देवळाच्या किंवा वाड्याच्या शिखरावरील वातकुक्कुटाची शेपटी रुंद असते व तो नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, त्याचे कारणही हेच.

अनुभवाने ठरलेला नियम असा, की दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे निदान नळीच्या एका व्यासाएवढा असावा.

एक उदाहरण

‘बिग बर्था’ हा एस्टेस कारखान्याचा जुना व लोकप्रिय संच. त्याची लांबी सुमारे ६१ सेंटिमीटर, नळीचा व्यास सुमारे ४.२ सेंटिमीटर आणि इंजिनाशिवाय वजन सुमारे ६२ ग्रॅम आहे. मूळ संचात १८ मिलिमीटर व्यासाची, ‘सी’ वर्गापर्यंतची इंजिने बसतात. पुष्कळ छांदिष्ट त्यातील बैठक काढून २४ मिलिमीटर व्यासाची बसवितात, म्हणजे ‘डी १२’ हे अधिक जोराचे इंजिन वापरता येते. बदल लहान दिसतो. परंतु त्याचा हिशेब करून पाहावा.

समजा, रिकाम्या बाणाचा गुरुत्वमध्य टोकापासून ३४ सेंटिमीटरवर आणि दाबमध्य ४७ सेंटिमीटरवर आहे. ‘सी ६’ इंजिनाचे वजन सुमारे २४ ग्रॅम असून त्याचा मध्य टोकापासून ५७ सेंटिमीटरवर येतो. वजनास अंतराने गुणून बेरीज करावी व एकूण वजनाने भागावे. ६२ × ३४ म्हणजे २१०८ आणि २४ × ५७ म्हणजे १३६८, बेरीज ३४७६. एकूण वजन ८६ ग्रॅम. भागाकार ४०.४. दाबमध्य ६.६ सेंटिमीटर मागे, म्हणजे दीड व्यासाहून थोडा अधिक. बाण सुरक्षित आहे.

आता ‘डी १२’ बसवावे. इंजिनाचे सुमारे ४३ ग्रॅम आणि मोठ्या बैठकीमुळे वाढलेले ७ ग्रॅम धरून शेपटीस ५० ग्रॅम येतात. ५० × ५७ म्हणजे २८५०. त्यात २१०८ मिळवून ४९५८. एकूण वजन ११२ ग्रॅम. भागाकार ४४.३. दाबमध्य जेथल्या तेथे आहे. परंतु गुरुत्वमध्य जवळजवळ ४ सेंटिमीटर मागे सरकला आणि अंतर २.७ सेंटिमीटर, म्हणजे एका व्यासाहून बरेच कमी, उरले. बाहेरून पाहता दोन्ही बाणांत काहीच फरक दिसत नाही. पहिला सरळ जाईल. दुसऱ्याविषयी खात्री देता येणार नाही, आणि तोच अधिक जोराचा आहे.

उपाय सोपा आहे. पोकळ टोकात, टोकापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर, ५ ग्रॅम मळलेली माती दाबून बसवावी. बेरीज ४९८३ व वजन ११७ ग्रॅम होते. भागाकार ४२.६. अंतर पुन्हा ४.४ सेंटिमीटर, म्हणजे एका व्यासाहून किंचित अधिक झाले. सुपारीएवढ्या मातीने जे साधले, ते नुसत्या अंदाजाने साधले नसते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंधन जळत जाते तसतशी शेपटी हलकी होते व गुरुत्वमध्य पुढे सरकतो. म्हणून धोका सर्वांत अधिक असतो तो आरंभी, इंजिन पूर्ण भरलेले आणि वेग कमी असताना. तोल नेहमी भरलेल्या इंजिनासह पाहावा, याचे कारण हे आहे.

इतर बदल आणि त्यांचे परिणाम

पंख मोठे केले तर दाबमध्य मागे जातो, हे खरे. परंतु पंखांचे वजनही शेपटीस पडते. म्हणून दोन्ही बाजूंचा हिशेब करावा. नळी लांब केली तर टोक पुढे जाते व बहुधा तोल सुधारतो. पण बाण जड होतो. स्थैर्य मर्यादेबाहेर वाढविणेही हिताचे नाही. असा बाण वारा असेल त्या दिशेस तोंड वळवून तिरपा जातो व दूरच्या शेतात उतरतो. बाल्साच्या पंखांतील रेषा पंखाच्या पुढच्या कडेस समांतर ठेवाव्या लागतात. अन्यथा वेगात पंख मोडतात. पंख काटकोनात व सारख्या अंतरावर चिकटविले नाहीत, तर बाण गिरक्या घेतो.

वजन वाढले की रेट्याचाही विचार करावा. उड्डाणाच्या वेळी रेटा बाणाच्या वजनाच्या निदान पाचपट असावा, असा संकेत आहे. वरील ११७ ग्रॅमच्या बाणाचे वजन सुमारे १.१५ न्यूटन भरते आणि ‘डी १२’चा सरासरी रेटा १२ न्यूटन असतो, म्हणजे सुमारे दसपट. तेथे चिंता नाही. परंतु जड केलेल्या बाणास लहान इंजिन दिले, तर तो सळईवरून सुटताना इतका हळू असतो की पंखांस पुरेसा वारा लागत नाही. शिवाय तो कमी उंच जातो. मंद थराचा अवधी लांब असेल, तर छत्री उघडण्यापूर्वीच तो खाली येऊ लागतो.

दोन सोप्या परीक्षा

दाबमध्य अचूक काढण्याची गणिती रीत अमेरिकेच्या नासा संस्थेतील अभियंते जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली छांदिष्टांपुढे मांडली, आणि आज तीच रीत संगणकावर वापरतात. तिच्याआधीपासून चालत आलेल्या दोन रीती शाळेतही करता येतात.

पहिली रीत पुठ्ठ्याची. बाणाच्या बाजूच्या आकाराप्रमाणे पुठ्ठा कापावा आणि तो पट्टीच्या कडेवर समतोल करावा. समतोलाचा बिंदू खऱ्या दाबमध्याच्या बहुधा पुढे येतो. म्हणून या रीतीने सुरक्षित ठरलेला बाण सहसा सुरक्षितच असतो.

दुसरी रीत दोऱ्याची. भरलेल्या बाणाच्या गुरुत्वमध्याशी दोन-अडीच मीटर लांबीचा दोरा बांधून चिकटपट्टीने पक्का करावा आणि मोकळ्या जागी बाण डोक्यावरून गोल फिरवावा. टोक पुढे ठेवून बाण फिरत राहिला तर तो स्थिर आहे. तो आडवा झाला किंवा शेपटी पुढे करू लागला, तर टोकास वजन घालून पुन्हा पाहावे. परीक्षेत उतरल्याखेरीज असा बाण उडवू नये.

उड्डाणाची शिस्त

अमेरिकेत या छंदाची आचारसंहिता आरंभापासून पाळली जाते. इंजिन कारखान्याचेच असावे व त्यात कोणताही फेरफार करू नये. बाणात बदल करावा, इंजिनात नाही, ही सीमारेषा कधीही ओलांडली जात नाही. पेटविणे विजेच्या तारेने व दुरून करावे. ‘डी’ वर्गापर्यंत निदान ५ मीटर, त्यापुढील इंजिनांस ९ मीटर अंतर राखावे. सुरक्षा-किल्ली लावल्याखेरीज वीज वाहू नये, आणि ती किल्ली उडविणाऱ्यानेच जवळ बाळगावी. सळई उभ्या रेषेपासून ३० अंशांहून अधिक कलती ठेवू नये. मोठ्याने उलटे आकडे मोजून सर्वांस सावध करावे. बाण पेटला नाही, तर किल्ली काढून एक मिनिट थांबावे व मगच जवळ जावे. जोराच्या वाऱ्यात उड्डाण करू नये. विजेच्या तारांवर अडकलेला बाण काढावयास जाऊ नये; बाण पुन्हा करता येतो.

प्राथमिक शाळेत काय करता येईल

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून ‘नाइके-अपाची’ अग्निबाण सोडण्यात आला आणि भारताच्या अवकाश-संशोधनास आरंभ झाला. आज भारताचे यान चंद्रावर उतरले आहे, आणि खेड्यातील मूलही अग्निबाणाविषयी प्रश्न विचारते. त्या प्रश्नास उत्तर मिळाले पाहिजे. परंतु भारतात स्फोटक द्रव्ये बनविणे व बाळगणे हे १८८४ च्या स्फोटक द्रव्यांच्या अधिनियमाने नियंत्रित आहे, आणि दारू कालविणे हे शाळेचे काम नव्हे. आगीविना शिकविता येण्याजोगा भाग पुष्कळ मोठा आहे.

जुन्या वर्तमानपत्राची ३० सेंटिमीटर लांबीची घट्ट नळी करावी. जाड कागदाचे तीन पंख चिकटवावे. शेपटीत खडूचा तुकडा बसवावा. ते इंजिन समजावे. नळी बोटावर तोलून गुरुत्वमध्याशी खूण करावी आणि दोऱ्याने फिरवून पाहावी. मग टोकात शाडूची छोटी गोळी घालून तोच प्रयोग पुन्हा करावा. पंख लहान करून, मोठे करून, एक पंख काढून पाहावे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत तीन रकाने आखून नोंद करावी : काय बदलले, तोल कोठे गेला, बाण कसा फिरला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या बदलाचा कोणता परिणाम हे कळत नाही, हा धडा मुलांस येथे आपोआप मिळतो. वरच्या वर्गांत वजन व अंतर यांचा गुणाकार करून गुरुत्वमध्य आधी काढावा आणि मग बोटावर ताडून पाहावा. हिशेबाचे उत्तर आणि बोटावरची खूण जुळली, म्हणजे मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो कोणत्याही बक्षिसाने येत नाही.

दिवाळीची सुटी लागण्यापूर्वी हा पाठ घेतल्यास त्याचा दुहेरी लाभ होईल. बाणाची काडी बाणाचा दाबमध्य मागे खेचून ठेवते, ती मोडली की दिशा गेली, हे ज्या मुलाने आपल्या कागदी नळीवर स्वतः पाहिले, ते मूल काडी मोडणार नाही आणि धाकट्या भावंडासही मोडू देणार नाही. नियम पाठ करून घेतलेले मूल नियम विसरते. कारण कळलेले मूल तो पाळते, आणि पुढे स्वतः बदल करावयाचा झाला तर आधी तोल पाहते.